पायातून पोटात – कुत्र्याच्या जंताची गोष्ट

‘जंत झालेत, दुसरं काही नाही.’ आपल्याकडे हे वाक्य लहान मुलांबद्दल आणि कुत्र्याच्या पिल्लांबद्दल सारख्याच सहजपणे बोललं जातं. मूल रात्री दात खातं, जंत झालेत. पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं झालंय, जंत झालेत. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या दोन घरांत, एक नामपूरला आणि एक नाशिकला, महिन्याभराच्या अंतरानं कुत्र्याचं पिल्लू आलं. दोन्ही पिल्लं आठ-दहा दिवसांत मलूल झाली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, शी डांबरासारखी काळी व्हायला लागली. नाशिकचं वाचलं. नामपूरचं नाही. दोन्हीकडे डॉक्टरांनी एकच नाव सांगितलं, हूकवर्म. म्हणजे मराठीत अंकुशकृमी. मग दोन्ही घरांतून मला एकच प्रश्न विचारला गेला: ‘अरे, नुसत्या जंतानं कुत्रं मरतं का?’

मरतं. कसं, ते सांगायला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात शिरलो. आमच्या घरात या सवयीला ‘मुद्द्याचं सोड आणि पुराण लाव’ असं म्हणतात. पण या वेळी पुराणातच मुद्दा सापडला, म्हणून हे लिहितोय.

आधी या प्राण्याची ओळख. कुत्र्याचा अंकुशकृमी जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर लांब, शिवायच्या दोऱ्याएवढा. पुढचं टोक वाकडं, म्हणून नाव अंकुश. तोंडात दातांच्या तीन जोड्या. आतड्याच्या आतल्या अस्तराला तो दातांनी धरतो आणि रक्त पितो. शिवाय तोंडातून असं काही सोडतो की तिथलं रक्त गोठत नाही. लोएब आणि स्मिथ या दोघांनी १९०४ साली ही गोष्ट नोंदवली, आणि ती कुत्र्याच्याच जंतावर. त्यामुळे जंत जागा बदलून दुसरीकडे गेला तरी आधीची जखम झिरपत राहते. ती काळी शी म्हणजे पचलेलं रक्त.

आता साधा हिशेब करा. एक जंत दिवसाला साधारण एक दशांश मिलिलिटर रक्त घालवतो. शंभर जंत असले तर दहा मिलिलिटर. एक किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं ऐंशी-नव्वद मिलिलिटर. म्हणजे रोज नवव्या हिश्श्याच्या आसपास रक्त जातं. तेवढं भरून काढायला पिल्लाकडे ना वेळ असतो ना लोह. ‘नुसते जंत’ ते हे असे.

जंत आपल्या लोकांना काही नवीन नव्हते. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. वावडिंग हे कृमीवरचं जुनं औषध, आणि तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी पाजणं तर आपल्या आज्या-पणज्या करतच आल्या. ओवाही तसाच, पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर. या ओव्याकडे लक्ष ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

पण अंकुशकृमी असा डोळ्याला दिसत नाही. पट्टकृमीचे तुकडे शीतून पडतात, मोठे गोल जंत पडतात, लोक ते बघतात. हा मात्र आतड्याला चिकटून राहतो आणि बाहेर पडतात ती फक्त अंडी, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी. १८३८ साली इटलीत मिलान इथे आंजेलो दुबिनी या डॉक्टरला एका शेतकरी बाईचं शवविच्छेदन करताना हा जंत पहिल्यांदा दिसला. त्याचं वर्णन त्यानं १८४३ साली छापलं. तो माणसाचा जंत. कुत्र्यातल्या त्याच्या भावाचं वर्णन १८५९ साली एर्कोलानी या दुसऱ्या इटालियनानं केलं. हा एर्कोलानी पशुवैद्य होता. आपल्या भाषेत, गुरांचा डॉक्टर.

गुरांचे डॉक्टर या गोष्टीत पुन्हा पुन्हा येतात, आणि मला वाटतं तीच या गोष्टीतली खरी गोष्ट आहे.

१८७२ पासून स्वित्झर्लंडमध्ये गोटहार्ड डोंगराखालून रेल्वेचा बोगदा खणायचं काम चालू होतं. मजूर बहुतेक इटालियन. आत ऊब, ओल, अंधार, आणि शौचाची सोय जवळपास नाहीच. १८८० च्या सुमारास हे मजूर पांढरे पडू लागले, चार पावलं चालून धापा टाकू लागले, काही मेले. कुणी म्हणालं बोगद्यातली हवा वाईट, कुणी म्हणालं खाणं निकृष्ट. तुरीनच्या एदुआर्दो पेरोन्चितो यानं मजुरांच्या पोटात अंकुशकृमी दाखवून दिले. पेरोन्चितो हाही तिथल्या पशुवैद्यकीय शाळेतला प्राध्यापक. त्याच शहरातल्या बोत्सोलो या डॉक्टरनं त्याच काळात या जंतावर एक औषध वापरायला सुरुवात केली. औषधाचं नाव थायमॉल.

आणि थायमॉल कशातून मिळतं? आपल्या ओव्यातून! ओव्याला जो उग्र वास येतो तो थायमॉलचाच. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओवा जहाजानं जर्मनीला जायचा, तिथे त्याचं थायमॉल व्हायचं आणि मग ते जगभर विकलं जायचं. १९१४ साली युद्ध पेटलं आणि हा पुरवठा एकदम तुटला. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यातली वस्तू, पण ती नेमकी कुठल्या जंतावर आणि किती घ्यायची हे दुसऱ्यांनी शोधलं. असो, त्याचा विषाद आत्ता नको. (आणि कृपा करून पिल्लाला ओव्याचा अर्क पाजू नका. त्या काळी थायमॉलनं माणसंही दगावलेली आहेत.)

तर जंत सापडला, औषध सापडलं. पण जंत पोटात जातो कसा? सगळे म्हणत तोंडावाटे, घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातातून. याचं उत्तर कैरोत मिळालं, तेही अपघातानं. आर्थर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ तिथे जंतांवर काम करत होता. १८९० च्या दशकातली गोष्ट. अळ्या असलेलं पाणी प्रयोगाच्या प्राण्यांच्या तोंडात घालताना थोडं त्याच्या हातावर सांडलं. हाताला खाज सुटली, लाल झाला. काही आठवड्यांनी त्याला स्वतःच्याच विष्ठेत अंकुशकृमीची अंडी सापडली. अळी सरळ कातडीतून आत शिरते! लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यानं कुत्र्यांवर प्रयोग केले. पिल्लांच्या कातडीवर अळ्या सोडून त्यांचा आतला रस्ता त्यानं काढला: कातडीतून रक्तात, रक्तातून हृदयात, तिथून फुप्फुसात, फुप्फुसातून घशाशी, आणि मग गिळली जाऊन आतड्यात. शाळेच्या पुस्तकात माणसाच्या जंताच्या जीवनचक्राचं जे चित्र असतं, ते अशा पिल्लांच्या जिवावर काढलेलं आहे.

त्याच सुमारास आसामच्या चहाच्या मळ्यांत चार्ल्स बेंटली नावाचा डॉक्टर काम करत होता. पावसाळ्यात मजुरांच्या पायांना खाज येऊन फोड यायचे. मजूर त्याला ‘पानीघाव’ म्हणत. १९०२ साली बेंटलीनं दाखवलं की पानीघाव म्हणजे मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या पायातून आत शिरल्याची खूण. आपल्याकडे पावसाळ्यात पायाच्या बेचक्यांत जे होतं त्याला ‘चिखल्या’ म्हणतात, ते निराळं, बहुतेकदा बुरशीचं. पण चिखलातून अनवाणी चालण्याची किंमत पोटाला मोजावी लागते हे तेव्हापासून माहीत आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली.

पुढे अमेरिकेत १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलरच्या पैशानं दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम निघाली. औषध तेच, थायमॉल. पण ते घेणं म्हणजे एक शिक्षाच होती, वर जुलाबाचं मीठ प्यावं लागे. चांगल्या औषधाचा शोध चालू राहिला, आणि तो पुन्हा एका पशुवैद्यानंच लावला. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या मॉरिस हॉलनं १९२१ साली कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य कुत्र्यांना देऊन पाहिलं. अंकुशकृमी भराभर पडले. मग त्यानं ते स्वतः घेऊन पाहिलं, आणि थोड्याच काळात फिजीसारख्या बेटांवर ते हजारो माणसांना दिलं जाऊ लागलं. या औषधानं यकृताला इजा होते हेही लक्षात आलं, तेव्हा हॉलनंच १९२५ साली एका सहकाऱ्याबरोबर त्याहून सुरक्षित औषध पुढे आणलं. तेही आधी कुत्र्यांवर.

म्हणजे बघा. जंताचा रस्ता कुत्र्यानं दाखवला, जंताच्या तोंडातलं रक्त न गोठवणारं द्रव्य कुत्र्याच्या जंतात सापडलं, औषध कुत्र्यावर तपासलं गेलं. आणि त्यानंतर माणसाचे जंत एका खात्याकडे गेले, कुत्र्याचे जंत दुसऱ्या खात्याकडे. किंवा खरं सांगायचं तर कुणाकडेच नाही.

आपल्याकडची सोय तशी जुनी आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ १८८० च्या दशकात उभं राहिलं आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. पण शहरातल्या कुत्र्याबद्दल सरकारदरबारी प्रश्न कायम एकच राहिला, मारायचं की ठेवायचं? १८३२ साली मुंबईच्या कोटात याच प्रश्नावर दंगल झाली होती. कुत्रं मारलं की आठ आणे इनाम मिळायचं, शिपाई त्या लोभानं घरच्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले आणि पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. जवळजवळ दोनशे वर्षं होत आली, वाद तोच आहे. त्यात कुत्र्याच्या चाव्याबद्दल बोललं जातं, भुंकण्याबद्दल बोललं जातं, पिसाळण्याबद्दल तर बोललंच पाहिजे. पोटातल्या जंताबद्दल क्वचितच. म्हणून २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण यांच्या जोडीला जंताचं औषध देण्याचाही उल्लेख वाचला तेव्हा मला बरं वाटलं. एक शब्द, पण आला.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याचे जंत कुत्र्याला, आपल्याला काय? बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही असंच वाटत होतं. पण १९२६ साली फ्लोरिडात तिघा संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या कातडीवर जी लाल, वळवळत पुढे सरकणारी, भयंकर खाजणारी रेघ उठते ती कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीच्या अळीमुळे. ही अळी माणसात शिरते खरी, पण तिला आतला रस्ता सापडत नाही, म्हणून कातडीखालीच भटकत बसते. घरांखालच्या ओल्या वाळूत आडवे पडून काम करणाऱ्या प्लंबर लोकांना हे फार व्हायचं. मग १९९० साली ऑस्ट्रेलियातून बातमी आली की कुत्र्याचा अंकुशकृमी क्वचित माणसाच्या आतड्यापर्यंत पोचून जबर पोटदुखी आणतो.

तिसरा एक भाऊ तर त्याहून सवाई. लूसनंच १९११ साली सिलोनमधल्या एका उदमांजराच्या पोटातून त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावात सिलोन आहे. १९१३ साली क्लेटन लेन या डॉक्टरनं बंगालात तो माणसांच्या पोटात दाखवला. पण मग त्याची दुसऱ्या एका जातीशी गल्लत झाली आणि १९५१ पर्यंत दोन्ही एकच मानले गेले. त्या गोंधळात हा विसरलाच गेला. हा जंत कुत्र्यात राहतो, मांजरात राहतो आणि माणसात पुरता वाढून अंडीही घालतो. अलीकडे अंड्यांमधल्या डीएनएवरून जात ओळखता येऊ लागली तेव्हा आग्नेय आशियात आणि भारतात तो पुन्हा सापडायला लागला. २०१४ साली भारतातल्या चार ठिकाणच्या भटक्या आणि आश्रयगृहातल्या कुत्र्यांच्या तपासणीचे निष्कर्ष छापून आले. त्यात मुंबई होती आणि परळच्या महाविद्यालयातले संशोधकही होते. कुत्र्यांत अंकुशकृमी किती पसरलेला आहे हे त्यातून ठळकपणे दिसलं.

आता नामपूरकडे येतो. आपलं बागलाण तसं कोरडं, आणि अळीला कोरडं ऊन सोसत नाही. तिला हवी ओल, सावली आणि ऊब. पण मोसम नदीच्या काठी फडाच्या पाटपाण्यानं भिजणारी जमीन जुनीच आहे, आणि आता डाळिंबाला, द्राक्षाला ठिबक आलंय. मे महिन्याच्या उन्हात मळ्यातलं कुत्रं कुठे बसतं? झाडाच्या बुडाशी, ठिबकच्या ओलीत, माती उकरून. गावातलं कुत्रं बसतं मोरीच्या सांडपाण्याशी, नळाच्या कोंडाळ्याशी, नाहीतर कांद्याच्या चाळीच्या सावलीत. नव्या प्लॉटिंगमध्ये घरं झाली, पण मधले प्लॉट रिकामे. सकाळी सगळ्यांचे पाळीव कुत्रे त्याच रिकाम्या प्लॉटवर जातात, आणि संध्याकाळी पोरं तिथेच अनवाणी क्रिकेट खेळतात. कुत्रं पूर्वी ओट्यावर असायचं, आता सोफ्यावर आलं. अळीला त्याचं काही नाही. तिला फक्त ओली माती लागते, आणि शी पडल्यापासून साधारण आठवडाभराचा वेळ.

या गोष्टीत मला सगळ्यात चटका लावणारा भाग शेवटी ठेवलाय. लहानपणी आमच्या गल्लीत कुत्री व्याली की आम्ही पोरं गोणपाटाचं घर करायचो, तिला दूध-भाकरी नेऊन द्यायचो. पहिला आठवडा पिल्लं गुबगुबीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेक गारठून जायचं. मोठी माणसं म्हणायची, दृष्ट लागली, थंडी बाधली, सहातली दोन जगली तरी खूप. तेव्हा कुणालाच कारण माहीत नव्हतं. १९६६ साली स्टोन आणि जिरार्डो या दोघांना कुत्रीच्या पहिल्या चिकाच्या दुधात अंकुशकृमीच्या अळ्या सापडल्या. मोठ्या कुत्रीच्या अंगात शिरलेल्या काही अळ्या आतड्यात न जाता स्नायूंमध्ये झोपून राहतात. ती व्याली की जाग्या होतात आणि दुधात उतरतात. म्हणजे पिल्लू अजून मातीवर चाललेलंही नसतं, डोळे उघडलेले नसतात, आणि जंत पोटात पोचलेले असतात. तेही आईच्या दुधातून. आई वरून धडधाकट दिसते. आणि जंत अंडी घालायला लागण्याआधीच रक्त प्यायला लागतात, त्यामुळे या पिल्लांची शी तपासली तरी सुरुवातीला काहीच दिसत नाही.

नामपूरच्या त्या पिल्लाचं बहुधा हेच झालं असावं. दीड महिन्याचं पिल्लू, एकदाही औषध न दिलेलं, पावसाळ्यात जन्मलेलं.

म्हणून नात्यातल्या आणि ओळखीतल्या सगळ्यांसाठी चार गोष्टी. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पहिलं जंताचं औषध, मग दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, आणि त्याच वेळी त्याच्या आईलाही. पुढे केव्हा ते डॉक्टर सांगतील. पिल्लू आणताना ‘औषध दिलंय का, कधी दिलंय’ हे रंगाच्या आणि जातीच्या आधी विचारा. औषध वजनावर असतं, ते गुरांच्या दवाखान्यात विचारून द्या. घरात बैलासाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं टोचू नका, कोलीसारख्या काही जातींना ते जिवावर बेततं. औषधानंतरही झोपलेल्या अळ्या पुन्हा आतड्यात उतरतात, म्हणून एकदा देऊन विसरू नका. अमेरिकेत ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे अंकुशकृमी २०१९ च्या सुमारास सापडले आहेत, तेव्हा औषधानंतर एकदा शी तपासून घेतलेली बरी. आणि हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नका.

पाचवी गोष्ट औषधाची नाही. शी रोजच्या रोज उचला. अंड्यातून निघालेली अळी कातडीत शिरण्याजोगी व्हायला चार-आठ दिवस लागतात. त्याच दिवशी उचलली तर साखळी तिथेच तुटते. एक जंत रोज हजारोंनी अंडी घालतो, त्यामुळे एका कुत्र्याची शी उचलणं हे वाटतं तेवढं किरकोळ काम नाही.

आपल्या पोरांना शाळेत जंताची गोळी मिळते. १० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी. फार चांगलं झालं. पण ज्या मातीत ही पोरं खेळतात तिथेच बाजूला बसलेल्या कुत्र्याला ती गोळी कुणी देत नाही. ज्याच्यावर तपासून तपासून आपण या जंताची औषधं शोधली, त्याच्यासाठी वर्षाला शे-दोनशे रुपये आणि रोजचा एक जुना पेपर, एवढं तरी आपण नक्की करू शकतो. नामपूरच्या घरात दिवाळीनंतर पुन्हा पिल्लू येणार आहे म्हणे. आणायच्या आधी त्याच्या आईला औषध देऊन झालंय, हे मी फोन करून विचारून घेतलंय.